शामरावभाऊंचा द्राक्षांचा नकाशा

आमच्या शेजारच्या शामरावभाऊ भगतांना जेवायला वाढलं की पहिला घास ते कोरडाच खायचे. भाजी नाही, चटणी नाही, मीठसुद्धा नाही. भाकरीचा तुकडा तोंडात, डोळे मिटलेले आणि उजव्या हाताचं बोट वर. म्हणजे कुणी बोलायचं नाही. मग विचारायचे, "शिवार कोनतं?" आणि आपण तोंड उघडायच्या आत हात आडवा करून, "थांबा, सांगू नका. म्या सांगतो."

आणि सांगायचे. "उमरखेडकडची ज्वारी होय. काळी जमीन, कमरेइतकी खोल. पैनगंगेच्या अंगची." दहातल्या चार वेळा बरोबर निघायचं. उरलेल्या सहा वेळा दुकानदारानं भेसळ केलेली असायची. एकदा आमच्याकडे रेशनची लाल ज्वारी होती, बोटीनं परदेशातून आलेली. मी मुद्दाम काही बोलले नाही. त्यांनी तो घास एवढा वेळ चावला की माझी आई आतून डोकावून गेली. शेवटी डोळे उघडून म्हणाले, "बाई, याले शिवारच नाही." आणि तांब्याभर पाणी प्याले. मी हसणार होते, पण त्यांचं तोंड पाहून राहून गेलं. माणसाला खरंच वाईट वाटलं होतं.

माझ्या मावसभावाला मुलगी सांगून आली तेव्हा घरात रंग, शिक्षण, पत्रिका सगळं बोलून झालं. शामरावभाऊंनी एकच विचारलं, "शिवार कोनतं?" केळापूर म्हटल्यावर म्हणाले, "मंग काही पाहू नका. तिथली तूर एका उकळीत शिजते." लग्न झालं. वहिनी चांगल्याच तापट निघाल्या. मी जाब विचारला तर म्हणाले, "म्या तुरीचं सांगतलं होतं."

ते मोजणी खात्यात नकाशानवीस होते. गावागावांचे जुने, फाटायला आलेले नकाशे ट्रेसिंगच्या निळसर कापडाखाली ठेवायचे आणि त्यावरून धुरे म्हणजे शेतांचे बांध, नाले, पांदणीच्या वाटा जशाच्या तशा उतरवून काढायच्या, हे त्यांचं काम. यवतमाळातून फारसे न हलता त्यांनी जिल्ह्यातली निम्मी शेतं बोटानं फिरून पाहिली होती. मी नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण. वडील गेल्यावर आई आणि मी त्यांच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहायला आलो. आईला भगतांच्या घरचं पाणी चालत नसे. मला चालायचं. मी तिथं दिवसातून दोनदा चहा घ्यायची, एक माझा आणि एक आईच्या नावाचा.

त्यांच्या पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर होती आणि तिच्या शेजारी, दोन हात लांब नि दोन हात रुंद, फ्रान्स देशाचा नकाशा. साधा नाही. कुठल्या खोऱ्यात कोणतं द्राक्ष होतं आणि त्याची कोणती दारू निघते, याचा.

आता हा माणूस कसा, तर सुपारीचं खांड तोंडात न टाकणारा. दीक्षा घेतली त्या वर्षी नवराबायकोनं पंचशील घेतलं, ते घासूनपुसून पाळणारा. खोकल्याच्या औषधाला वास आला तर बाटली परत करायचा. आणि भिंतीवर दारूचा नकाशा. नवीन आलेला पाहुणा आधी बुद्धाकडे पाही, मग नकाशाकडे, मग शामरावभाऊंकडे. ते याचीच वाट पाहत असायचे. लगेच फूटपट्टी घेऊन उठायचे.

"दारूशी मले काय करनं हाये? हे द्राक्ष पाहा. एकच जात, पिनॉट. या धुऱ्याच्या इकडे लावली तं एक चव, तिकडे लावली तं दुसरी. मधात काय हाये? बैलगाडी जाईल एवढी वाट. अन् तिथले लोक बाटलीवर काय लिहितेत? बनवनाराचं नाव बारीक अन् शिवाराचं मोठं. माती बाटलीवर सही करते, असा मुलूख हाये तो. नाहीतर आपन. संत्रा कोनाचा? बाजाराचा. ज्वारी कोनाची? बाजाराची."

तिथल्या गावांचे उच्चार खरे कसे ते तिथलेच लोक जाणोत. आमच्या गल्लीत ते बॉर्डेक्स आणि बरगंडी होते, आणि पोरं लगोरीत तीच नावं घेऊन दोन बाजू पाडायची.

दारूबंदीचे दिवस होते. कुणीतरी चौकीवर जाऊन सांगितलं की भगताच्या घरात दारूचा नकाशा आहे. एक हवालदार आले. दारातच विचारलं, "यात भट्ट्या कुठी कुठी दाखवल्या?"

"साऱ्या भट्ट्याच होय," शामरावभाऊ म्हणाले. खोटं बोलायचं नाही, हेही पंचशीलातच होतं.

हवालदारांनी टोपी काढून खुर्चीवर ठेवली. "आपल्या हद्दीत कोनती येते?"

"आपल्या हद्दीत नाही येत. हे फ्रान्स होय."

हवालदारांचा विश्वास बसेना. एका रेघेवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, ही अडाण नदी काय. शामरावभाऊ म्हणाले, नाही, ही रोन. मग त्यांनी हवालदारांना नदीकाठची सगळी द्राक्षं ओळीनं समजावली. पाऊण तास लागला. जाताना हवालदार एवढंच म्हणाले, "इतका मोठा मुलूख दाखवला, अन् एक ठानं नाही दाखवलं."

इथवर कौतुक. आता वेड सांगते. एका मोजणीदारानं नाशिककडून त्यांना द्राक्षाचं कलम आणून दिलं. जात होती भोकरी. शामरावभाऊ म्हणायचे, "जात भोकरी, पन रीत पिनॉटची." आणि त्या रीतीप्रमाणे त्यांनी ते कुठे लावलं, तर अंगणातल्या मावळतीकडे तोंड असलेल्या भिंतीला, पश्चिमेच्या उन्हात. यवतमाळचा वैशाख ज्यानं पाहिलाय त्याला पुढचं सांगायला नको. दुपारी तीनला त्या भिंतीवर पापड भाजला असता. वेलीला पान फुटायचं आणि चार दिवसांत तंबाखूसारखं चुरायचं.

समोर उगवतीकडे तोंड असलेली भिंत रिकामी होती. सकाळचं कोवळं ऊन, दुपारी कडुलिंबाची सावली, पलीकडे न्हाणीचं पाणी वाहत जायचं. गल्लीतल्या बायाबापड्यांनासुद्धा कळत होतं. मी हजारदा सांगितलं. शामरावभाऊ नकाशाकडे बोट करायचे. "बरगंडीचा उतार पाहा. नदी इकडे, उतार तिकडे, तोंड मावळतीकडे. नकाशाची शीट सांगते ते खरं." आणि उन्हाळ्यातल्या प्रत्येक रविवारी, जेवण झालं की, छत्री घेऊन वेलीशेजारी उभे राहायचे. छत्री वेलीवर, स्वतः उन्हात. बाकीच्या दिवशी ओलं पोतं बांधून ऑफिसात जायचे.

चौथ्या वर्षी एक घोस आला. एकवीस मणी. त्यांनी घराघरांत एकेक मणी वाटला, बशीत ठेवून, वर फडकं झाकून. आईनं तिचा मणी आधी देवापुढे ठेवला. देवाला चालला म्हणून मग तिनं खाल्ला. आंबट आहे म्हणाली, आणि दुसरा आहे का म्हणून विचारलं.

त्यांच्या बायकोचं नाव सुभद्राबाई. कमी बोलायच्या, काम झपाट्याचं, आणि नवरा नकाशा समजावत असला की दाराच्या चौकटीला टेकून ऐकत राहायच्या. एवढ्यांदा ऐकलेलं पुन्हा काय ऐकतात असं मला वाटे. मी दुपारी समाजमंदिरात बायकांचा साक्षरतेचा वर्ग घ्यायची, तिथे त्या आल्या. पस्तिशी उलटलेली बाई, पाटी कधी हातात धरली नव्हती. आठ महिन्यांत घडाघडा वाचायला लागल्या. दोन वर्षांत चौथीची पुस्तकं संपवली. मग एके दिवशी म्हणाल्या, "मास्तरीणबाई, मले सातवीची परीक्षा देता येईन काय?"

मला इतका आनंद झाला की मी वर्ग सोडून थेट शामरावभाऊंच्या ऑफिसात गेले. त्यांनाही झाला. टाक खाली ठेवला, डोळे पुसले. मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "बाई, सातवीले भूगोल असते काय?"

"असतोच की. जगाचा."

"तो सोडता येते काय?"

मला वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. नकाशांवर जगणारा हा माणूस बायकोनं भूगोल शिकू नये म्हणून जंग जंग पछाडायला लागला. "इतिहास वाच, गनित कर. भूगोल कायले पाह्यजे, मी हावो ना घरात." मग म्हणाले, भूगोल मीच शिकवतो. शिकवलाही. आशिया शिकवला, आफ्रिका शिकवली, दोन्ही अमेरिका शिकवल्या, ऑस्ट्रेलियातल्या मेंढ्यासुद्धा शिकवल्या. मी उजळणी घेतली तर बाईंना युरोप म्हणून काही आहे याचा पत्ता नाही. "त्याच्यावर प्रश्न येत नाही म्हनेत ते."

मी माझा शालेय नकाशासंग्रह शामरावभाऊंकडे दिला होता. परत मागून उघडला. युरोपाचं पान नव्हतं. ब्लेडनं, अगदी शिवणीजवळून, सफाईनं कापलेलं.

मी फार चिडले. मनात म्हटलं, सगळे एकाच माळेचे. तोंडानं शिक्षण शिक्षण करायचं आणि बायको आपल्या बरोबरीला यायला लागली की पानं फाडायची. फाल्गुन उतरत आला होता. रविवारची दुपार होती. शामरावभाऊ अंगणात छत्री धरून उभे होते, सुभद्राबाई बहिणीकडे गेल्या होत्या. मी तिथंच त्यांना फैलावर घेतलं. काय काय बोलले ते आता लिहीत नाही. बरंच बोलले. माझं संपल्यावर म्हणाले, "बाई, तुमी घरात जा अन् तो नकाशा पाहा. समुद्र कोन्या हाताले हाये ते पाहून या."

मी आत गेले. समुद्र उजव्या हाताला होता.

मी शाळेतली मास्तरीण, सहा वर्षं त्या नकाशाखाली बसून चहा प्याले होते. आमच्या चौथीच्या पुस्तकात यवतमाळ जिल्हा आणि महाराष्ट्र, फ्रान्सशी माझा कधी संबंध आला नव्हता, हे खरं. तरी लाज वाटलीच. अख्खा देश आरशात पाहिल्यासारखा उलटा होता. बॉर्डेक्स पूर्वेला, बरगंडी पश्चिमेला.

बाहेर आले तेव्हा ते छत्री मिटून पायरीवर बसले होते. मग त्यांनी सांगितलं.

दीक्षा घेतली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. खात्यात विलायतेत शिकून आलेले एक साहेब होते, त्यांच्या बंगल्यात हा नकाशा होता. शामरावभाऊंनी पाहिला आणि त्यांची झोप उडाली. साहेबांची बदली झाली होती. निघायच्या आधी नक्कल करून घ्या म्हणून त्यांनी तो दिला. शामरावभाऊंनी सगळी नावं वहीत लिहून घेतली, ट्रेसिंगचं कापड ताणून बसवलं आणि त्याच रात्री मुदतीचा ताप भरला. ग्लानीत ते एकच म्हणत होते, नकाशा राह्यला, नकाशा राह्यला.

"तिनं काढला बाई. जन्मात टाक धरला नव्हता तिनं. मले पाहे रोज काढतानी, त्या पाहन्यावर काढला. आठ दिवस. इकडे माह्या डोक्यावर पट्ट्या बदलवे अन् तिकडे रेघ ओढे. साहेबाचा मानूस नकाशा घेऊन गेला. मंग तिनं ते कापड मांजरपाटावर शिवलं, टिकावं म्हनून. अन् शाई पुसून जाऊ नये म्हनून शाईची बाजू केली अंदर."

म्हणजे जशी आपण चांगल्या साडीची घडी करताना उलटी बाजू बाहेर ठेवतो. कापड आरपार दिसणारं. रेघा सगळ्या दिसत होत्या, फक्त उलट्या.

"ताप उतरला तवा मले उठवून बसवलं अन् म्हने, पाहा. म्या पाह्यलं. तवाच समजलं. बाई, बावीस वर्षं झाले मले या कामात, पन समुद्राचा काठ असा मले नाही काढता येत. कुठंच हात थरथरला नाही तिचा. अन् तिचं तोंड पाह्यलं. तिले काय सांगू, उलटं झालं म्हनून? म्या वही घेतली अन् वरून नावं लिहून टाकली." वेलीकडे बघून ते म्हणाले, "अन् एकदा उलटा धरला तं वेलबी तसाच लावा लागते ना. नाहीतर ती इचारनार, काहून म्हनून."

माझा राग कुठे गेला कोण जाणे. पण मी मास्तरीण होते. परीक्षेला तीन आठवडे राहिले होते आणि एक खंड बाकी होता. मी म्हटलं, "भाऊ, मी त्यांना युरोप न शिकवता बसवणार नाही. पुढच्या रविवारपर्यंत तुम्ही सांगा. नाहीतर मी पान उघडते." त्यांनी हो म्हटलं. आठवडाभर रोज मी डोळ्यांनी विचारायची आणि ते मान खाली घालून सायकलवर बसायचे.

रविवारी मी शाळेतला दुसरा नकाशासंग्रह घेऊन गेले. शामरावभाऊ मला पाहून उठले आणि छत्री न घेताच अंगणात निघून गेले. मी पान उघडून सुभद्राबाईंपुढे ठेवलं. त्या बोट ठेवून एकेक देश वाचत चालल्या. स्पेन. पोर्तुगाल. फ्रान्सवर आल्या आणि हसल्या, ओळखीचं माणूस भेटावं तसं. मग हसू थांबलं. पुस्तक घेऊन भिंतीपाशी गेल्या. एकदा पुस्तक, एकदा भिंत. नकाशाचा एक कोपरा उचलून त्यांनी शिवणीतून आत पाहिलं.

"अंदर या," त्या बाहेर न पाहताच म्हणाल्या.

शामरावभाऊ आले.

"कवा समजलं तुमाले?"

"त्याच दिवशी."

"सात वर्षं," सुभद्राबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण मी त्यांना तसं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "सात वर्षं येनाऱ्याजानाऱ्याले माही चूक फूटपट्टीनं दाखवली. त्या हवालदाराले दाखवली. पटवाऱ्याचा धुरा सुताभर हालला तं तुमी त्याले कागद परत करता. मले सांगाले काय झालं होतं? मी काय फुटनार होती?"

"तू लय खुश होती त्या दिवशी," शामरावभाऊ म्हणाले.

"मंग? पुन्हा काढला असता. पुन्हा खुश झाली असती."

मी सात दिवस ज्याला दयाळूपणा म्हणत होते त्याला दुसरं नाव असू शकतं, हे मला त्या बाईनं शिकवलं, जिला मी बाराखडी शिकवली होती.

त्यांनी नकाशा उतरवून चटईवर पसरला. विळीवर बसावं तशा बसल्या आणि कात्रीच्या टोकानं एकेक टाका उसवायला लागल्या. स्वतःचेच बारीक, सारखे टाके. सगळे सुटल्यावर कापड उचलून पालथं केलं. समुद्र डाव्या हाताला गेला. बरगंडी उगवतीकडे आली. फ्रान्स पहिल्यांदा आपल्या जागी बसला, आणि शामरावभाऊंची सगळी नावं उलटी झाली.

"नावं गेली," ते पुटपुटले.

"जाऊ द्या. ते तुमी लिहिले होते." त्यांनी पदर खोचला. "ब्लेड घ्या अन् खरडा. मी लिहितो."

दुपारभर ते काम चाललं. शामरावभाऊ मागून आपलं अक्षर ब्लेडनं हलकेच खरडून काढत होते, कापड फाटू नये म्हणून श्वास धरून. मग वहीतून एकेक नाव वाचायचे आणि त्या लिहायच्या. अक्षर मोठं होतं, शाळेतलं, डोक्यावरची रेघ आधी ओढून घेतलेली. मध्येच, टाक न थांबवता, त्या म्हणाल्या, "अन् पावसाळा लागला का तो वेल त्या भिंतीले नेऊ. इतके उन्हाळे माह्या पायी उन्हात उभे राह्यले. डोक्यावर टोपीबी नाही."

शामरावभाऊंनी पुढचं नाव वाचलं, पण ते आम्हाला नीट ऐकू आलं नाही. सुभद्राबाईंनी ते पुन्हा वाचायला लावलं.

सगळी नावं झाली. सुभद्राबाई टाक पुसायला लागल्या तर ते म्हणाले, "एक राह्यलं." आणि खालच्या कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "इथं काढनाराचं नाव लिहा लागते. कायदा हाये. सात वर्षं म्या ही जागा मोकळी ठेवली, इथं माहं नाव लिहाचं नव्हतं."

त्यांनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं. टाक पुन्हा बुडवला, दौतीच्या काठावर निथळला, आणि रेघ न आखताच लिहायला सुरुवात केली. सुभद्रा शामराव भगत. शामरावभाऊ भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी चहा ठेवते म्हणून आत गेले आणि चूल पेटवायला बराच वेळ लावला, कारण रडताना कुणी पाहिलेलं मला आवडत नाही.